उसुरी नदीतली मेर

मुरबाड तालुक्यातून काळू वाहते आणि शहापूर तालुक्यातून भातसा. दोघीही सह्याद्रीच्या कुशीत जन्म घेतात आणि दोघींचे पाणी अखेर उल्हास नदीला मिळते. श्रावणात त्यांचे रौद्र रूप पाहिलेल्या माणसाला चैत्रात त्या ओळखूही येत नाहीत. पाऊस सरला की काठची शेतकरी मंडळी प्रथम नदीचे पात्र पाहून येतात. पुराने कुठे काठ कापून नेला, कुठे मळई आणून टाकली, याचा अंदाज घेतात. पुराने दिलेल्या या पट्टीवर चार वाफे भाजीपाला सहज निघतो. मग प्रश्न उभा राहतो: ही जमीन कोणाची? अलीकडच्याची की पलीकडच्याची? कागदावर ‘नदी हीच हद्द’ असे लिहिलेले असते. परंतु नदी म्हणजे नेमके काय? अलीकडचा काठ, पलीकडचा काठ, की मधली धार?

प्रश्न जुना आहे आणि वाटतो तितका क्षुल्लक नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये मळईच्या जमिनीसंबंधी स्वतंत्र तरतुदी कराव्या लागल्या त्या यामुळेच. शेजाऱ्याची मेर सरकवणाऱ्याविषयी जुन्या करारात किती कठोर शब्द आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. बांध कोरल्यावरून सख्ख्या भावांची बोलाचाल बंद झाल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतात.

नदीतल्या अशाच एका मळईवरून १९६९ साली जगातील दोन बलाढ्य साम्यवादी राष्ट्रे, सोव्हिएत रशिया व चीन, अणुयुद्धाच्या उंबरठ्यापर्यंत गेली होती. एकाच मार्क्सला गुरू मानणारी, एकमेकांना ‘बंधुराष्ट्र’ म्हणवणारी ही राष्ट्रे होती. सीमा ही भांडवलशाहीची निर्मिती असून कामगारवर्गाचे राज्य आल्यावर ती उरणार नाही, असे दोघांचेही तत्त्वज्ञान सांगत होते. तरीही रक्त सांडले. या तंट्याचा इतिहास तीनशे वर्षांहून अधिक जुना असून त्याच्या पहिल्या प्रकरणात दोन येशूसंघीय धर्मगुरू आहेत. म्हणून आरंभ तेथूनच करू.

लॅटिन भाषेतला करार

सतराव्या शतकात केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी पूर्वेकडे सरकत गेलेले रशियन कझाक आमूर नदीच्या खोऱ्यात पोहोचले आणि आल्बाझिन येथे त्यांनी किल्ला बांधला. चीनवर तेव्हा मांचू घराण्यातील कांगशी सम्राटाचे राज्य होते. त्याच्या सैन्याने १६८५ आणि १६८६ अशी दोनदा या किल्ल्याला धडक दिली. दोन्ही बाजूंना युद्ध परवडणारे नव्हते. अखेरीस १६८९ साली नेर्चिन्स्क या गावी दोन्ही राष्ट्रांचे वकील तंबू ठोकून समोरासमोर बसले. रशियाच्या बाजूने फ्योदोर गोलोविन आणि चीनच्या बाजूने सोंगोतू हे प्रमुख होते.

अडचण भाषेची होती. रशियन दरबाराला मांचू भाषा अवगत नव्हती आणि मांचू दरबाराला रशियन. यावर तोडगा निघाला तो लॅटिनचा. कांगशी सम्राटाने आपल्या पदरी असलेल्या दोन येशूसंघीय धर्मगुरूंना दुभाषे म्हणून पाठविले. एक होते पोर्तुगालचे फादर तोमाश परेरा आणि दुसरे फ्रान्सचे फादर झ्याँ-फ्रान्स्वा जर्बियाँ. यांपैकी फादर परेरा आपल्याला थोडे जवळचे आहेत. १६६६ साली लिस्बनहून जहाजात बसून ते प्रथम गोव्यालाच आले होते. तेथे शिक्षण पुरे करून ते पुढे मकावमार्गे पेकिंगला गेले आणि उत्तम संगीतज्ञ म्हणून सम्राटाच्या मर्जीस उतरले.

वाटाघाटी मोडण्याच्या बेतात आल्या तेव्हा हे दोघे या तंबूतून त्या तंबूत फेऱ्या मारीत राहिले. जो करार झाला त्याची अधिकृत प्रत लॅटिनमध्ये लिहिली गेली. आर्गुन व गोर्बित्सा या नद्या आणि स्तानोवॉय पर्वताची रांग ही सीमा ठरली. आल्बाझिनचा किल्ला पाडायचा, असेही ठरले. उदा नदीच्या परिसराविषयी पुरेशी माहिती कोणाकडेच नव्हती, म्हणून तेवढा भाग प्रामाणिकपणे अनिर्णित ठेवला गेला. फादर परेरांनी या प्रवासाची दैनंदिनी लिहून ठेवली असून ती आजही इतिहासकारांच्या उपयोगी पडते. पुढे १६९२ मध्ये कांगशी सम्राटाने आपल्या राज्यात ख्रिस्ती धर्माचरणास मोकळीक दिली, तिच्यामागे या सेवेची कृतज्ञताही होती असे मानले जाते.

नेर्चिन्स्कच्या कराराचे बळ धर्मगुरूंच्या चातुर्याएवढेच परिस्थितीतही होते. दोन्ही बाजू बरोबरीच्या नात्याने बसल्या होत्या आणि दोघींनाही समजेल अशा तिसऱ्या भाषेत शब्द लिहिला गेला होता. म्हणूनच हा करार दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला.

लाल शाईची रेघ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चित्र पालटले. चीनमध्ये ताइपिंग बंडाने थैमान घातले होते आणि दुसरीकडून इंग्रज व फ्रेंच फौजा चालून आल्या होत्या. शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली असताना रशियाने कुंपण सरकवून घेतले. १८५८ च्या ऐगुन कराराने आमूर नदीच्या उत्तरेचा मुलूख, तर १८६० च्या पेकिंग कराराने उसुरी नदीपासून समुद्रापर्यंतचा मुलूख रशियाकडे गेला. दोन्ही मिळून सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक जमीन. व्लादिवोस्तोक हे बंदर रशियाने १८६० मध्येच वसवले.

पेकिंग कराराला एक नकाशा जोडलेला होता. त्यावर सीमा म्हणून लाल शाईने रेघ ओढली होती. नकाशा अगदी लहान प्रमाणाचा, आणि रेघ नदीच्या चिनी काठाला लागून गेलेली. येथे थोडे गणित करून पाहावे. दहा लाखास एक या प्रमाणाच्या नकाशावर एका मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर एक किलोमीटर रुंद होते. एवढ्या जाडीत नदी, तिचे दोन्ही काठ आणि मधली बेटे सगळीच बुडून जातात. रशियाने त्या रेघेचा अर्थ असा लावला की सीमा चिनी काठावरून जाते, म्हणून पाणी आमचे आणि बेटेही आमची. चीनचे म्हणणे निराळे होते. नदी ही सीमा असेल तर मुख्य प्रवाहाची सर्वांत खोल धार ही हद्द धरावी, धारेच्या अलीकडची बेटे अलीकडच्याची आणि पलीकडची पलीकडच्याची, असा आंतरराष्ट्रीय व्यवहारातील सर्वमान्य संकेत आहे, असे चीन सांगत होता.

१९१७ च्या क्रांतीनंतर आशा निर्माण झाली. १९१९ मध्ये लेनिनच्या सरकारने, काराखान यांच्या सहीच्या जाहीरनाम्याद्वारे, झारशाहीने चीनवर लादलेले विषम करार आपण सोडून देत असल्याचे घोषित केले. प्रत्यक्षात सीमा जेथे होती तेथेच राहिली. १९४९ मध्ये चीनमध्येही साम्यवादी राजवट आली. १४ फेब्रुवारी १९५० रोजी मॉस्कोमध्ये मैत्री व परस्पर साहाय्याचा करार झाला. त्या मैत्रीच्या दिवसांत बेटांचा विषय कोणी काढला नाही. भाऊ एकत्र नांदत असताना बांध कोणी मोजत नाही, तसेच हे झाले.

गोव्याचे नाव आणि न दिलेले बिल

१९५६ मध्ये क्रुश्चेव्ह यांनी बंद दाराआडच्या भाषणात स्टालिनवर टीका केली आणि मॉस्को-पेकिंग वैचारिक वितुष्टाला प्रारंभ झाला. १९६० मध्ये सोव्हिएत तंत्रज्ञ चीनमधून परत बोलावले गेले. एकाने दुसऱ्याला ‘दुरुस्तीवादी’ म्हणजे मूळ सिद्धांतात भेसळ करणारा म्हणावे आणि दुसऱ्याने पहिल्याला आततायी ठरवावे, असा प्रकार सुरू झाला.

याच वादात आपल्या गोव्याचे नाव अनपेक्षितपणे आले. १९६२ च्या अखेरीस क्यूबा प्रकरणी क्रुश्चेव्ह यांनी माघार घेतली म्हणून चीन त्यांना हिणवत होता. त्यावर क्रुश्चेव्ह यांनी डिसेंबर १९६२ मधील भाषणात चीनला त्याच्या दारातल्या हाँगकाँग व मकावची आठवण करून दिली. भारताने वर्षभरापूर्वी गोवा मुक्त केला, मग तसाच वसाहतवाद तुम्ही आपल्या अंगणात का खपवून घेता, असा त्यातील टोमणा होता. चीनच्या ‘पीपल्स डेली’ने ८ मार्च १९६३ रोजी उत्तर दिले. जुने हिशेब काढायचेच असतील तर ऐगुन आणि पेकिंगचे करारही विषम करारच आहेत, त्यांचे काय, असा त्याचा आशय होता. झाकून ठेवलेली फाईल एका टोमण्याने उघडली गेली.

तरीही शहाणपण अगदीच संपले नव्हते. फेब्रुवारी १९६४ मध्ये पेकिंगला सीमाविषयक बोलणी सुरू झाली. एकमेकांवर शाब्दिक आग पाखडणाऱ्या या दोन राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी काही महिन्यांत पूर्व सीमेचा बहुतेक भाग जवळजवळ निश्चित केला. नदीतील हद्द मुख्य प्रवाहाने धरावी, हे सोव्हिएत बाजूने तत्त्वतः मान्य केले होते. त्यामुळे शेकडो बेटे चीनकडे जाणार होती आणि पुढे जेथे रक्तपात झाला ते बेटही त्यांत होते. आमूर व उसुरीच्या संगमावरील खाबारोव्स्क शहरासमोरील मोठ्या बेटांचाच काय तो प्रश्न शिल्लक होता.

मग घोडे अडले कुठे? चीनने गेलेला दहा लाख चौरस किलोमीटरचा मुलूख परत मागितला नव्हता. जुने करार हाच आधार धरून पुढे जाऊ, मात्र ते विषम होते एवढे कबूल करा, असा त्याचा आग्रह होता. सोव्हिएत पक्षाला ते एक वाक्य उच्चारायचे नव्हते. आज ते कबूल केले तर उद्या त्याच वाक्याच्या आधारे सगळा मुलूख मागितला जाईल, ही त्याची भीती. अशातच १० जुलै १९६४ रोजी माओ त्से तुंग यांनी जपानी समाजवाद्यांच्या शिष्टमंडळापुढे बैकाल सरोवराच्या पूर्वेकडील मुलखाचा उल्लेख करून, त्याचे बिल आम्ही अजून सादर केलेले नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. मॉस्कोची भीती खरी ठरल्यासारखी झाली. बोलणी थांबली. तयार झालेला मसुदा सहीविना दप्तरात पडून राहिला.

आपल्याकडेही या भांडणाचे पडसाद उमटले. ज्या काळूचा उल्लेख आरंभी केला, तिच्याच काठच्या टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली होती. शामराव व गोदावरी परुळेकर या दांपत्याच्या नेतृत्वाखाली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभारला, त्याची ठिणगी येथे पडली. ज्या पक्षाच्या झेंड्याखाली तो लढा झाला, तो भारतीय कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये दुभंगला. फुटीची कारणे अनेक होती व बरीचशी देशांतर्गत होती. तरी १९६२ चे चिनी आक्रमण आणि मॉस्को-पेकिंग वाद यांची छाया तिच्यावर होतीच. परुळेकर दांपत्य मार्क्सवादी पक्षात गेले आणि शामरावांचे १९६५ मध्ये स्थानबद्धतेतच निधन झाले. जंगलपट्टीतल्या ज्या माणसांचा प्रश्न वेठीचा आणि जमिनीचा होता, त्यांच्या नेत्यांनाही हजारो कोस दूरच्या तंट्याची झळ लागली.

बर्फावरचे दोन दिवस

उसुरी नदीत चिनी काठाला जवळ असे एक निर्जन बेट आहे. रशियन त्याला दामान्स्की म्हणतात, तर चिनी झेनबाओ, म्हणजे अनमोल रत्न. त्याचे क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. पुरात ते बरेचसे पाण्याखाली जाते. हिवाळ्यात नदी गोठली की दोन्ही बाजूंचे पहारेकरी बर्फावरून चालत तेथे पोहोचत. कित्येक हिवाळे त्यांच्यात धक्काबुक्की, काठ्या, गुद्दे असे प्रकार होत होते. सांस्कृतिक क्रांतीच्या उन्मादात त्यांना अधिक धार आली.

२ मार्च १९६९ च्या सकाळी चिनी सैनिकांची एक तुकडी बेटाकडे येताना दिसली. नेहमीप्रमाणे त्यांना हटकण्यासाठी सीनियर लेफ्टनंट इव्हान स्त्रेलनिकोव्ह आपल्या माणसांसह बर्फावर उतरले. बेटावरील झुडपांत रात्रीपासून आणखी चिनी सैनिक दबा धरून होते. गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात स्त्रेलनिकोव्ह यांच्यासह ३१ सोव्हिएत सीमारक्षक मृत्युमुखी पडले. १५ मार्च रोजी याहून मोठी लढाई झाली. तीत रणगाडे आणि अग्निबाण वापरले गेले. कर्नल देमोक्रात लेओनोव्ह हे आपल्या रणगाड्यासह कामी आले. तो रणगाडा पुढे चीनने हस्तगत करून पेकिंगच्या लष्करी संग्रहालयात ठेवला. मार्चमधील या लढायांत सोव्हिएत बाजूचे एकूण ५८ जण गेले. चिनी मृतांच्या आकड्यांविषयी दोन्ही देशांचे आजही एकमत नाही. पण तिकडच्याही आयांनी मुले गमावली, हे सांगायला आकड्याची गरज नाही.

त्यानंतरचा एक प्रसंग उद्बोधक आहे. २१ मार्चच्या सुमारास सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी थेट दूरध्वनीवरून चिनी नेत्यांशी बोलण्याचा प्रयत्न केला. पेकिंगच्या दूरध्वनी केंद्रावरील चालकाने, दुरुस्तीवाद्याशी बोलणे जोडून देणार नाही, असे सुनावून तो तोडून टाकला. तीनशे वर्षांपूर्वी दोन परक्या धर्मगुरूंनी जोडलेला संवाद, एकच विचारसरणी सांगणाऱ्या दोन सरकारांना दूरध्वनीची तार असूनही जोडता आला नाही.

ऑगस्टमध्ये कझाकस्तानच्या सीमेवरही चकमक झाली. अणुहल्ल्याच्या धमक्यांची कुजबुज जगभर पसरली आणि चिनी शहरांतून भुयारे खणली जाऊ लागली. सुदैवाने ११ सप्टेंबर १९६९ रोजी, हो चि मिन्ह यांच्या अंत्यविधीहून परतताना, कोसिजिन पेकिंगला उतरले आणि विमानतळावरच चौ एन लाय यांच्याशी त्यांचे काही तास बोलणे झाले. ऑक्टोबरमध्ये वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या. गोळीबार थांबला, पण अबोला पुढची वीस वर्षे टिकला. याच भयापोटी चीनने अमेरिकेकडे हात पुढे केला आणि १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले.

पुन्हा तीच धार

२८ जुलै १९८६ रोजी व्लादिवोस्तोक येथील भाषणात गोर्बाचेव्ह यांनी जाहीर केले की, नदीतील सीमा मुख्य प्रवाहाने धरण्यास आपला देश तयार आहे. मे १९८९ मध्ये ते स्वतः पेकिंगला गेले. १६ मे १९९१ रोजी पूर्व सीमेचा करार झाला आणि त्यानुसार झेनबाओ बेट चीनचे ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघराज्यच लयास गेले, तरी रशियाने तो करार पाळला. दोन्ही देशांच्या मोजणीदारांनी नद्या, दलदली, अरण्ये एकत्र तुडवून सीमास्तंभ उभे केले. हे काम १९९७ मध्ये पूर्ण झाल्याचे घोषित झाले. खाबारोव्स्कसमोरील बेटांचा निकाल २००४ च्या करारात लागला. त्यांतील सर्वांत मोठे बेट दोघांनी वाटून घेतले आणि २००८ मध्ये हस्तांतराचा समारंभ पार पडला.

आता १९६४ चा सहीविना राहिलेला मसुदा आठवावा. नदीच्या धारेचे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते. बेट तेव्हाच चीनकडे जाणार होते आणि संगमावरची बेटे तेव्हाही शिल्लक राहिली होती. सत्तावीस वर्षांनी जे कागदावर उतरले ते जवळजवळ तेच होते. मधल्या काळात बर्फावर पडलेल्या तरुणांनी जमिनीच्या हिशेबात कोणाच्याच पदरात काही टाकले नाही. जमिनीचा तंटा खरे तर सुटलेलाच होता. अडून बसला होता तो मान, आणि ‘आमच्या वाडवडिलांनी अन्याय केला’ हे एक वाक्य कोणी म्हणायचे याचा हट्ट.

आपल्या देशाची चीनशी असलेली हद्द अजूनही निश्चित झालेली नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान धारातीर्थी पडले, तोही एका नदीचाच काठ होता. तो प्रश्न आपल्यासारख्यांनी सोडवावा असा नाही. परंतु गावातला बांध मात्र आपल्या हातातला आहे. मोजणीची तारीख लागली की लगतच्या खातेदारांनाही नोटीस जाते, कारण दोघांच्याही डोळ्यांदेखत रोवलेला दगडच पुढे टिकतो. नेर्चिन्स्कच्या तंबूंत असेच दोघे बरोबरीने बसले होते आणि १९९० नंतरच्या मोजणीदारांनीही असेच एकत्र पाय मळवले. काळूच्या काठी पुढल्या पावसानंतरही मळई साचेल आणि कोणाची म्हणून प्रश्न निघेल. त्या वेळी दगड रोवण्याआधी शेजाऱ्याला हाक मारावी. आणि जुनी चूक आपल्या घराकडून झालेली असेल, तर ते एक वाक्य आपणच आधी म्हणून टाकावे.